अर्थ बंपरला, चीर मागं

"सांगितलं तर उचगावात कुणाचा इश्वास बसायचा न्हाय," गुंडूतात्या म्हणाला आणि वेल्डिंगची कांडी होल्डरात अडकवली.

धैर्यशीलनं कपाळावर हात मारला. दूध वाहायच्या त्याच्या नव्याकोऱ्या पिकअपला हौद्याखाली चीर गेलेली. गावोगावची संध्याकाळची कॅनं थोड्या वेळात भरून उभी राहणार, आणि तात्याला नेमकी आत्ताच गोष्ट सुचली होती.

"तात्या, गोष्ट मागनं! आदी बॅटरीची वायर काढा. सीटखाली गाडीचा कॉम्प्युटर हाय, त्येचाबी प्लग काढा. आत करंट शिरला तर गाडी जागची हलायची न्हाय."

"गाडी हाय का लाजाळूचं झाड रं?"

"आन ह्यो अर्थ, करंट परतायचा चिमटा, कुठं लावलायसा? चीर मागं, चिमटा फुडच्या बंपरला! मधी माझी अख्खी गाडी!"

"माज्या बोलण्यातला अर्थ जरा लांबच असतोय, लेका."

वायर स्वतःच काढायला धैर्यशील चिडून पान्याकडं झेपावला. तात्यानं त्याआधीच पाना बुडाखाली घेतला आणि तेलाच्या डब्यावर ऐसपैस बसला.

"ऐक. शिरोळात माज्या सोताच्या ट्रॅक्टरला वेल्डिंग मारलंतं. बॅटरी जोडल्याली. पयल्या ठिणगीला करंट आत असा घुसला, की हॉर्न आपसूक बोंबलाय लागला. उसातली डुकरं पार कर्नाटकात पळाली. आन बॅटरी अशी तरारली, की वरीसभर घरचा पंखा तिच्यावर फिरला! ट्रॅक्टरला खरचटलंबी न्हाय."

"तात्या, पाया पडतो, पाना द्या."

"ह्यातला एक शबुद खोटा निघाला, तर ह्याच हातानं वायर काढीन. व्हय!"

आता शिरोळला जाऊन पुरावा कोण आणणार? तात्याच्या गोष्टींचे साक्षीदार एक तर वर गेलेले असत, नाही तर म्हशी. तात्यानं काच तोंडापुढं धरली. कांडी चिरेकडं सरकली. धैर्यशीलनं डोळे गच्च मिटून घेतले.

तेवढ्यात मागच्या दारातनं सगळं ऐकत तात्याची बायको, बनाबाई, चहा घेऊन आली.

"कंच्या ट्रॅक्टरला? त्या लाल डबड्याला? अवो, त्येला बॅटरी हुतीच कुठं! रोज सकाळी उतारापत्तोर मी ढकलत न्हेत हुते, तवा चालू व्हायचं ते! उठा, काढा तो पाना बुडाखालनं!"