उभं पाणी

झाकणाचा शेवटचा बोल्ट सुटला आणि सडक्या अंड्यांचा वास पंप हाउसभर पसरला. योगिनीनं ओढणी नाकाला लावली. भिमाजीनं नुसतं तोंड फिरवलं. पाइपातून आधी काहीच आलं नाही. मग काजळासारखा बुळबुळीत गाळ बादलीत पडला, आणि त्यामागून पाण्याची करंगळीएवढी धार.

"काका, ही लाइन वापरात नाही का?"

"इमर्जन्सीची हाय. लाइट गेली की वरच्या टाकीतलं पाणी हिच्यातनं भट्टीला जातं. जनरेटर धरंपर्यंत."

"आणि एरवी?"

"एरवी उभं असतंय."

योगिनी ही पाण्याची औषधं पुरवणाऱ्या कंपनीची केमिस्ट. महिन्यातून एकदा चाकणच्या या ओतकामाच्या कारखान्यात यायची आणि भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे नमुने न्यायची. भिमाजी पंप हाउसचा ऑपरेटर. राहायला खराबवाडीत, हजेरी ठेकेदाराकडे. पाण्यात औषध सोडायचं काम त्याचं. एका आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरं, कारण एकाच औषधाला जंतू सरावतात. हे तो नेमानं करायचा. पण औषध फिरत्या पाण्याबरोबर जातं. उभ्या पाण्यात ते कधी गेलंच नव्हतं. योगिनीनंही आजवर नमुना घेतला तो फिरत्या लाइनीचाच. आज इमर्जन्सीच्या व्हॉल्व्हपाशी वास आला म्हणून तिनं झाकण काढायला लावलं होतं.

तिनं पाइपाच्या आतला एक फोड पेचकसानं खरवडला. खपली निघाली. खाली पोलादात खळगा होता, बोटाचं टोक बसेल एवढा.

"हवा नसली की हे जंतू माजतात. गाळाखाली बसून पोलाद खातात. बाहेरून रंग शाबूत, आतून चाळण."

"उपाय?"

"आधी गाळ सोडवणारं औषध, मग जंतू मारणारं. तास-दोन तास फिरवायचं, धुवायचं, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून तिसरं. पण तोवर, म्हणजे शिफ्टभर, भट्टी बंद हवी."

भिमाजीनं त्या खळग्यात बोट घालून पाहिलं. भट्टी बंद करणं हिंदुरावच्या हातात होतं, आणि हिंदुरावशी तो बोलत नव्हता.

हिंदुराव भट्टीचा फोरमन, साताऱ्याकडचा. भिमाजी पूर्वी त्याच्याच हाताखाली, भट्टीवर. ठिणगी उडून डावा डोळा अधू झाला तेव्हा हिंदुराव साऱ्या शिफ्टसमोर म्हणाला, "आंधळ्याला भट्टीवर ठेवून माझी माणसं मारू काय?" बोलणं खरं होतं. ते साऱ्यांसमोर बोलायची गरज नव्हती. भिमाजी पंप हाउसात आला आणि दोघांचं बोलणं तुटलं.

इमर्जन्सी लाइन दर महिन्याला तपासायची तर खालचा व्हॉल्व्ह भिमाजीनं उघडायचा, वरचा हिंदुरावनं, आणि दोघांनी एकमेकांना हाक द्यायची. हाक बंद झाली तशी तपासणीही बंद झाली. हिंदुराव प्लॅटफॉर्मवरच्या प्रेशरच्या काट्याकडे बघायचा. काटा जागेवर असायचा. तो 'ओके' म्हणायचा. खाली भिमाजी व्हॉल्व्ह पुसून ठेवायचा. तुंबलेल्या नळालाही दाब असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी आजच रिपोर्ट टाकते," योगिनी म्हणाली.

"तो वर सायबाकडं जाऊन खाली यायला किती दिस?"

"पंधरवडा तरी."

या दिवसांत लाइट केव्हाही जात होती. पाणी थांबलं तर भट्टीभोवतीची कॉइल, पाणी खेळवणारी नळी, तापून फुटणार, आणि वितळलेल्या लोखंडात पाणी शिरलं की कसा स्फोट होतो हे भिमाजीला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं हात पुसले आणि तो भट्टीच्या प्लॅटफॉर्मचा जिना चढला.

"बघा रं, पाणीवालं पावणं आलं!" हिंदुराव ओरडला.

"भट्टी शिफ्टभर बंद ठेवावी लागंल. लाइन सडलीया."

"काटा दिसतोय का? का आता तोबी दिसंना?"

प्लॅटफॉर्मवरची माणसं हसली.

"काटा दिसतोय," भिमाजी म्हणाला. "पाणी दाव."

हिंदुरावचं हसू गेलं. त्यानं भिमाजीला दंडाला धरून पॅनेलमागं नेलं.

"भट्टी बंद केली तर वर कारण द्यावं लागतंय. तपासणी माझ्या नावावर हाय. मी का मरू?"

"मग मरू दे त्यास्नी?"

"ऐकून घे. दुपारच्या शिफ्टला सगळ्यांम्होरं सांग, लाइनीत औषध टाकायचं होतं, मी टाकलं न्हाई. लगेच भट्टी रिकामी करतो."

"आन माझं काय?"

"तुझं ठेकेदार बघंल की."

खाली आल्यावर भिमाजीनं योगिनीला सांगितलं, की भट्टी मिळेल, आणि कशी मिळेल तेही. ती चिडली.

"खोटं का बोलता, काका? त्या लाइनीत औषध टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? चूक त्यांची आहे. माझीही आहे. मी बोलते."

"तुमी बोलला तर तो भट्टी सोडायचा न्हाई."

वरच्या माणसांसाठी त्याचा जीव तुटत होता असं नाही. मघाशी ती त्याच्या डोळ्यावर हसली होती, आणि त्यातला एक तर त्याच्याच जागेवर उभा होता. पण ती जागा कशी असते हे भिमाजीला माहीत होतं. तिथून पळायला वाट नाही.

दुपारची शिफ्ट रांगेत उभी राहिली. सुरक्षेची शपथ म्हणून झाली. भिमाजी पुढं आला. हिंदुरावनं मोबाइल उचलून त्याच्यावर धरला.

"इमर्जन्सी लाइनीत औषध टाकाया पायजे हुतं. मी टाकलं न्हाई."

"काय राव, झोपला होता का?" मागून कोणीतरी बोललं.

"मोठ्यानं बोल," हिंदुराव म्हणाला. "आवाज आला न्हाई."

भिमाजी मोठ्यानं बोलला.

हिंदुरावनं शब्द पाळला. लोखंड ओतून टाकलं, भट्टी उघडी पडली. योगिनीनं चष्मा आणि हातमोजे चढवले, भिमाजीनं होज जोडून पंप सुरू केला. पहिल्या औषधानं पाण्याला फेस आला आणि गाळाचे तुकडे निघू लागले, चपलेच्या तळासारखे. दुसऱ्यानं वास मेला. उन्हं कलायला लागली तेव्हा पाणी आधी चहासारखं, मग निवळ आलं.

तिसरं औषध सोडण्याआधी लाइन टाकीला जोडून पाहायची होती. भिमाजीनं खालच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि वर तोंड करून हाक दिली, "खोल!"

वरून उत्तर आलं नाही. पण व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला.

पाणी सुटलं. मग वर आरडाओरडा झाला. भिमाजी जिना चढून गेला तर प्लॅटफॉर्मवरचा पाइप जागोजागी फुटला होता. सुईएवढ्या, पेन्सिलीएवढ्या धारा आडव्या-तिडव्या उडत होत्या. काही भिंतीवर, काही माणसांवर आणि एक नेमकी भट्टीच्या तोंडात. रिकाम्या भट्टीच्या तळाशी पाणी साचत होतं. माणसं मागं सरून त्या पाण्याकडे बघत होती. आता कोणी हसत नव्हतं.

"तुझ्या औषधानं पाइप खाल्ला," हिंदुराव म्हणाला.

"औषधानं नाही," योगिनी जिन्यातूनच बोलली. "भोकं आधीचीच आहेत. खपल्यांनी बुजली होती, टाकीच्या दाबानं त्या उडाल्या. लाइट गेली असती तर..."

"तुमी गप बसा, म्याडम. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. माझ्याकडं हाय ते."

तिनं भिमाजीकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून. पाइप बदलल्याशिवाय आता भट्टी पेटणार नव्हती. त्याला हवं ते झालं होतं. पुढचं बोलून हिंदुरावच्या तोंडाला लागण्यात त्याला रस नव्हता.

ठेकेदाराचा माणूस संध्याकाळच्या कंपनी बसच्या आधी आला. त्यानं व्हिडिओ पाहिला होता.

"गेटचं कार्ड द्या, काका. उद्यापासून येऊ नका."

"पंप चालू हाय. बंद करून देतो."

भिमाजीनं पंप थांबवला. होज सोडवून गुंडाळली. औषधाचे कॅन झाकणं घट्ट करून सावलीला ओढले, व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले आणि पंप हाउसला कुलूप घातलं. कार्ड त्यानं ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिलं.

"किल्ली फोरमनकडे द्या," तो माणूस म्हणाला.

भिमाजी पुन्हा जिना चढला. हिंदुराव भट्टीपाशी एकटाच उभा होता, पाठमोरा. पाइपातून अजून थेंब गळत होते आणि प्लॅटफॉर्मवर घोटा बुडेल न बुडेल असं पाणी होतं.

"किल्ली," भिमाजी म्हणाला.

हिंदुराव वळला. त्यानं किल्लीकडे पाहिलं, भिमाजीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

भिमाजीनं थोडा वेळ हात पुढं धरला. मग गुडघ्यावर हात टेकून तो सावकाश खाली बसला, किल्ली हिंदुरावच्या बुटांसमोर पाण्यात ठेवली, उठला आणि जिन्याकडे निघाला. खालच्या पायरीवर असताना त्याला वर पाण्यात हात घातल्याचा आवाज आला. तो थांबला नाही.