माझी जागा ओव्हनपाशी

गेली अकरा वर्षं मी आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एकही टचडाउन पाहिलेला नाही. समोरच्या संघाचे मात्र सगळे पाहिले.

यात टीव्हीचा दोष नाही. टीव्ही चांगला भिंतभर आहे, माझ्या नवऱ्याने, एमिलने, हौसेने घेतलेला. दोष द्यायचाच तर खिम्याच्या गोळ्यांना द्यावा लागेल. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी आमचे लोक सपाटून मार खात होते आणि मी स्लायडरचा, म्हणजे खिम्याचे गोळे भरलेल्या छोट्या पावांचा, ट्रे काढायला स्वयंपाकघरात गेले. ओव्हनच्या दांडीवर हात ठेवला आणि बाहेर आरडाओरडा झाला. आमच्या माणसाने चेंडू घेऊन त्यांच्या टोकाच्या रेषेपार मुसंडी मारली होती, म्हणजेच टचडाउन. मी धावत बाहेर आले तर माझा दीर लुड गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वहिनी, पुन्हा आत जा." मी हसत हसत गेले. पुन्हा टचडाउन झाला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच ते. पण आमच्या पार्मा गावातल्या माणसांना हे सांगून उपयोग नाही. हंगाम संपेपर्यंत एमिल अंगातली जर्सी धुऊ देत नाही. लुड डावा मोजा उलटा घालतो. शेजारचा व्हर्न बर्फातून वळसा घालून मागच्या दाराने येतो, कारण एकदा त्याने पुढच्या दाराची घंटा वाजवली आणि आम्ही हरलो. या सगळ्यांत माझं काम सर्वांत मोठं ठरलं. चेंडू त्यांच्या टोकाच्या रेषेपासून वीस यार्डांच्या आत आला की लुड बोलत नाही, फक्त मान स्वयंपाकघराकडे वळवतो, आणि मी उठते. एकदा एमिलला माझी दया आली आणि त्याने आत छोटा टीव्ही आणून ठेवला. त्या दिवशी आम्ही वाईट हरलो. टीव्ही आता व्हर्नच्या गॅरेजमध्ये आहे. मी कुरकुर केली की लुडचं उत्तर ठरलेलं असायचं. "वहिनी, जे चाललंय ते मोडू नये."

आणि गंमत अशी की या घरात खेळ कळतो तो मला. माझे पप्पा मोटारींचे पत्रे दाबायच्या कारखान्यात होते. त्यांना मुलगा नव्हता, हंगामाची दोन तिकिटं होती आणि मी होते. सातव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी गारठलेल्या बाकावर बसले, सरोवरावरचा वारा खाल्ला. ते म्हणायचे, "चेंडूकडे कुणीही बघतं, कॉन्सेटा. तू पुढच्या पाच जणांकडे बघ. वाट ते करतात." एमिलच्या घरात सगळे अकॉर्डियन वाजवणारे. लग्नाआधी त्याला चेंडूचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं असा प्रश्न पडायचा. त्याला मी शिकवलं. त्याने लुडला शिकवलं. आणि दोघांनी मिळून मला आत पाठवलं.

त्या रविवारी सामना असा होता की हरलो तर हंगाम संपला. चर्चहून आल्या आल्या मी कामाला लागले. बीफ आणि पोर्कचा खिमा निम्मा निम्मा, दुधात भिजवून पिळलेला शिळा पाव, अंडं, किसलेलं चीज, लसूण, पार्स्ली. गोळे लहान वळायचे, पावाच्या बाहेर डोकावता कामा नयेत. ते टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर सोडले. मदतीला माझी सून प्रिस्किला होती. तिचं आणि माझ्या अँटनचं लग्न गेल्या उन्हाळ्यातलं, ती ॲरिझोनाची, आमच्याकडचा तिचा हा पहिलाच हंगाम. ती बारा पावांची लादी सुटी करायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. पाव सुटे करायचे नाहीत. अख्खी लादी आडवी कापायची, वरचं झाकण एकसंध उचलायचं, खालचा भाग आधी जरा भाजून घ्यायचा, नाही तर रसाने त्याचा चिखल होतो. मग प्रत्येक पावावर एक गोळा, वर रस, चीज, झाकण, आणि झाकणावर लसणाचं लोणी. फॉइल लावून पंधरा मिनिटं, फॉइल काढून पाच. हे सगळं ती नीट ऐकत होती. अकरा वर्षांत हे ऐकून घेणारं पहिलंच माणूस.

मग तिने विचारलं, "आई, तुम्ही शेवटचा टचडाउन डोळ्यांनी कधी पाहिलात?"

मला आठवावं लागलं. म्हटलं, अँटन शाळेत होता तेव्हा. ती म्हणाली की नंतर परत परत दाखवतात ना. मी म्हटलं, दाखवतात की. लग्नाला न जाता अल्बम पाहावा, तसं ते. ती हसली नाही. ती हसली असती तर मीही हसून विषय सोडून दिला असता. तिने लोण्याचा ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा मी ॲप्रनला डोळे पुसले. मी सदुसष्ट वर्षांची आहे. एका टचडाउनसाठी रडायचं वय नाही हे मला कळतं.

दुपारभर मी नेहमीसारखी आत-बाहेर करत राहिले. दोन टचडाउन झाले, दोन्ही मी भिंतीतून ऐकले. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो, म्हणजे सहा गुणांचा टचडाउनच हवा, दुसऱ्या कशाने भागणार नव्हतं. सामन्यातली शेवटची दोन मिनिटं म्हणजे घड्याळातली वीस, हे मला ओव्हनने शिकवलंय. मी शेवटचा ट्रे आत सरकवला, बाहेर आले आणि एमिलच्या खुर्चीत बसले. तो उभाच होता, देव पाण्यात घालून. चेंडू हळूहळू पुढे सरकत एकोणीस यार्डांवर आला. लुडने मान वळवली. मी उठले नाही.

"वहिनी," लुड म्हणाला. "एकोणीस राहिले."

"दिसतंय मला. म्हणून तर बसलेय."

व्हर्नने टोपी काढून हातात घेतली. अँटन जमिनीकडे बघू लागला. एमिल वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "कॉनी, आज नको गं. पुढच्या वर्षी पहिल्या सामन्याला बघ, मी लुडला सांगतो."

"एमिल, मी अकरा वर्षं भिंत बघतेय. हरायचं तर माझ्या डोळ्यांदेखत हरू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आहेत, माझा कुठला आवाज खरा ते त्याला कळतं. तो म्हणाला की मग कुणीतरी आत असायलाच हवं, आणि ओव्हनचे हातमोजे उचलून स्वतः आत गेला. पुढच्याच खेळीत आमच्या माणसाने सहा यार्ड मारले.

लुडने टीव्हीकडे पाहिलं, आपल्या मोज्याकडे पाहिलं, आणि तोही आत गेला. आणखी तीन यार्ड मिळाले. त्यानंतरची खेळी फुकट गेली. आतून लुडचा आवाज आला, "बाहेर अजून किती जण आहेत?" व्हर्न लगेच उठला. त्याच्यामागे अँटन गेला, बिअरची बाटलीही बरोबर घेऊन, काही सांगता येत नाही म्हणून. प्रिस्किला तेवढी राहिली. तिला थांबायचं होतं, ते मला दिसत होतं. पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं; नऊ झाले होते आणि हा चौथा, शेवटचा प्रयत्न होता. एक यार्ड मिळाला तर पुढे, नाही तर सगळं संपलं. खोलीत मी आणि टीव्ही.

मी चेंडूकडे पाहिलं नाही. पुढच्या पाच जणांकडे पाहिलं. डावीकडचा दुसरा, एक थोराड गडी, ज्याचं नाव कुणाच्या जर्सीवर नसतं, तो चेंडू हलताच एक पाऊल मागे आला आणि सगळ्यांच्या पाठीमागून उजवीकडे धावला. मला तेव्हाच कळलं. त्याने समोरच्या माणसाला असं बाजूला सारलं की तिथे दार उघडलं. चेंडूवाला त्यातून जवळजवळ चालत गेला, दहाच्या दहा यार्ड, कुणी त्याला हातही लावला नाही.

मी ओरडले नाही. मला पप्पांची इतकी आठवण आली की शेजारच्या रिकाम्या सोफ्याकडे मी वळून बघितलं. डोळे भरून वाहत होते, ते मी वाहू दिले.

"कॉनी?" एमिलने आतून हाक मारली.

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"वहिनी, काय झालं?"

दार उघडायची कुणाचीच छाती होत नव्हती. नियम त्यांचाच होता. वरचा एक गुण मिळवायची किक बसेपर्यंत मी त्यांना तसंच ठेवलं, मग नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "टचडाउन."

आत भांडी पडली. "बाहेर यायचं नाही," मी म्हटलं. "अजून अकरा सेकंद आहेत. आणि फॉइल काढा."

ते अकरा सेकंद चांगली दहा मिनिटं चालले. त्यांचा शेवटचा लांब फेकलेला चेंडू आमच्या माणसाने खाली पाडला आणि मी दार उघडलं. पाच माणसं ओव्हनभोवती दाटीवाटीने उभी होती, पाचांचेही हात दांडीवर. स्लायडर वरून जरा जास्तच लाल झाले होते आणि व्हर्नने लादीचा एक कोपरा आधीच तोडला होता.

सगळे बाहेर येऊन बसले. एमिल माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर टेकला आणि म्हणाला, "कसा झाला, सांग ना."

मी सांगितलं. डावीकडच्या दुसऱ्या गड्याच्या त्या एका पावलापासून सुरुवात केली. सगळे हातात स्लायडर घेऊन ऐकत होते, रस मनगटावर ओघळत होता तरी. माझ्या पाठीमागे टीव्हीवर तोच टचडाउन पुन्हा दाखवत होते. कुणी तिकडे पाहिलं नाही.

शेवटी लुडने बोटं चाटली आणि दबकत विचारलं, "वहिनी, पुढच्या रविवारी आम्ही एकदाच, अगदी एकच, बाहेर येऊन बघितला तर?"

मी त्याला आणखी एक स्लायडर वाढला.

"लुड," मी म्हटलं, "जे चाललंय ते मोडू नये."