वाटणीच्या दोन गाड्या

बाबांचा नियम होता: वाटे एकाने करायचे, आधी उचलायचं दुसऱ्याने. लहानपणी आम्हां भावांत पाव असाच कापला जायचा, त्यामुळे सुरी धरणारा चुकूनही एक तुकडा मोठा पाडत नसे. बाबा गेले आणि मागे राहिल्या दोन गाड्या. गॅरेज आधीच माझ्या नावावर होतं. मी थोरला, म्हणून वाटे माझे. उचलायचं धाकट्याने.

एक जीप. तिच्यात बसलं की कंबरडं मोडतं, पण खाणीच्या चिखलात रुतलेला भरला ट्रक ती दोराने ओढून बाहेर काढते. माझं घर त्याच कामावर चालतं. दुसरी लाल, छप्पर उघडणारी, जेमतेम दोन माणसांची. तिला आम्ही लाली म्हणायचो. उंची एवढीशी आणि नखरे महाराणीचे, साधा गतिरोधक आला तरी पोट घासतं. बाबांनी ती हौसेने घेतली आणि हौसेनेच झाकून ठेवली.

धाकट्याला सरळ सांगायचं होतं, की बाबा रे, जीपवर माझं पोट आहे. पण मागायचं, आणि तेही त्याच्याकडे? दोन वर्षांच्या आजारपणात बापाला भेटायला चारदा आलेला हा साहेब! माझी जीभच रेटेना. मग मी डोकं चालवलं. दोन महिने खपून लालीला नवरीसारखं सजवलं. जीपचा सायलेन्सर ढिला केला, धड बॅटरी काढून मेलेली बसवली, सीटवर ऑइल सांडलं. बायको म्हणाली, अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, सरळ बोला की. मी तिला गप्प बसवलं.

रविवारी तो आला. जीप धक्का मारल्याशिवाय सुरू होईना, आणि झाली तेव्हा अशी बोंबलली की शेजारपाजारचे बाहेर आले. मी मनातल्या मनात खूश. मग तो लालीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"दादा, किती जीव लावलास रे हिला," तो म्हणाला. "जन्मभर त्या धुडाखाली पडून राहिलास. ही तू ठेव, वहिनीला फिरवून आण. जीप मी उचलतो."

तिचं काय करणार, मी विचारलं. वाटेतच भंगारवाला आहे, आजच देऊन टाकतो, तुझ्या डोक्याचा ताप तरी जाईल, असं तो अगदी मायेने म्हणाला.

सायलेन्सर मीच ढिला केलाय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर त्याला कळलं असतं की मी जीवबीव काही लावला नव्हता, त्याला फसवायला बसलो होतो. बायको दारातून बघत होती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याचा राग आला, कारण उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी चांगला वागत होता.

जीप पुन्हा बंद पडली. धाकटा स्टिअरिंगवर बसला, आणि मागून धक्का मी दिला.