दांड्यांचे दोन डबे

केसाच्या निम्म्या जाडीची दांडी एका टोकाला घट्ट धरायची, खालून हलवायची आणि ती सेकंदाला किती वेळा थरथरते ते लेसरने मोजायचं, या उद्योगात सरांची उभी हयात गेली होती. नातेवाइकांना त्यांचं काम समजावताना बायको "ते बारीक वस्तू हलवतात" एवढंच सांगे. ते शब्दशः खरं असल्यामुळे सरांना वादही घालता येत नसे.

नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. राळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळल्या की दांडी कडक होते आणि साध्या दांडीपेक्षा वीस टक्के जास्त वेगाने थरथरते, असं त्यांनी मोजून दाखवलं होतं. इतर देशांतल्या लोकांना ते जमेना. "त्यांना नीट मिसळता येत नाही," असं सर मोठ्या मनाने म्हणत.

सोमवारी त्यांच्या विद्यार्थिनीने त्या निबंधाच्या दोन्ही जुन्या डब्यांतली एकेक दांडी मोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"सर, साध्या दांडीत नळ्या निघाल्या. गाठी होऊन बसल्यात, मध्ये पोकळ्या आहेत. आणि नळ्यांच्या दांडीत एकही नळी नाही. लेबलं उलटी आहेत. कुणी लावली असतील हो?"

"बघावं लागेल," सर म्हणाले. बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनीच लावली होती.

सात वर्षांपूर्वी नळ्यांच्या दांड्या साध्यांपेक्षा मंद थरथरल्या होत्या. दुसऱ्या कुणी आपल्या गणितावर शंका घेतली असती. सरांनी ती भिंगकाकांवर घेतली. काका प्रयोगशाळेतले सहायक, दांड्या तेच बनवत. कपाळावर भिंग कायम चढवलेलं, म्हणून ते नाव. अकरा विद्यार्थ्यांसमोर सर त्यांना म्हणाले होते, "दोन डबे सांभाळता येत नाहीत तुम्हाला?" आणि स्वतःच्या नखाने लेबलं सोलून अदलाबदल केली होती. "मी बरोबर भरलेत, सर," एवढंच काका म्हणाले होते. महिनाभरात त्यांची बदली तळघरातल्या भांडारात झाली. आदेशावर सही सरांची.

रात्रीच्या जेवणात सरांनी हे घरी सांगितलं.

"तळघरात घातलंत ना त्यांना?" बायको म्हणाली. "मग आता तुम्ही जिना उतरा."

मंगळवारी सर उतरले. खिशात पत्र होतं, निबंध मागे घेत असल्याचं, नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं. काका ट्यूबलाइटच्या खोक्यांमागे बसून रजिस्टरात आकडे भरत होते.

"या सर. मागणीपत्र आणलंय?"

"नाही. ते... दिवे बरे आहेत इथे."

"भांडार आहे, सर. दिव्यांना तोटा नाही."

सरांनी छताकडे पाहिलं, पंख्याची चौकशी केली, ओल येते का विचारलं. एवढी विचारपूस त्यांनी सख्ख्या भावाची केली नव्हती. मग एकदम म्हणाले, "डबे तुम्ही बरोबर भरले होते."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत आहे. नळ्यांची प्रत्येक दांडी ज्या चौकोनी चकतीवर बसवली, तिचा एक कोपरा मी घासून ठेवला होता. लेबलाचा काय भरवसा, निघतं ते. तुम्ही भिंग मागितलं असतंत तर दाखवलं असतं."

सरांचे कान तापले. एक भिंग, अर्धं मिनिट. सात वर्षांत त्यांना ते मागावंसं वाटलं नव्हतं. दोन परिषदांत मात्र काकांच्या वेंधळेपणाचा किस्सा रंगवून सांगितला होता, आणि लोक हसलेही होते.

त्यांनी पत्र पुढे केलं. काकांनी भिंग डोळ्यावर ओढून ते सावकाश वाचलं.

"'प्रयोगशाळेत नमुन्यांची अनवधानाने अदलाबदल झाली.' म्हणजे डबे आपले आपण उठून चालत गेले?"

"लिहिण्याची पद्धत असते तशी."

"असेल. पण प्रयोगशाळेत नमुने हाताळणारा मीच होतो, सर. वाचणारा काय समजेल? इथे कुणाचं तरी नाव घाला."

"कुणाचं?"

"माझं तेव्हा घेऊन झालंय."

सर तिथल्याच स्टुलावर बसले, काकांचं पेन मागून घेतलं आणि ओळ खोडून वर लिहू लागले. तेवढ्यात ग्रंथालयाच्या बाई ट्यूब न्यायला आल्या.

"थोडं थांबा बाई," काका म्हणाले, "सर लिहितायत."

"काय लिहितायत?"

काका सरांकडे पाहत राहिले. कागद घडी करून खिशात घालावा, असं सरांना फार वाटलं. मग ते उभे राहिले आणि ओळखदेखही नसलेल्या त्या बाईंना, वर्गात पहिल्यांदाच उठवलेल्या पोरासारखं, पहिल्या शब्दापासून वाचून दाखवू लागले.