तिसऱ्या पाळण्याची आत्या

श्रीदेवीअक्काला खोटं बोलता येत नव्हतं, असं कुणी समजू नये. येत होतं, आणि झकास येत होतं. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेली बाई ती, तपासणीला आलेल्या साहेबाला गोड बोलून वाटेला लावणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण आजची गोष्ट निराळी होती. आज सोलापूरला कलेक्टर कचेरीत शपथ घेऊन बोलायचं होतं, आणि तेही सख्ख्या भावासाठी.

भाऊ शिवानंद, वळसंगच्या पुढच्या एका गावाचा सरपंच. माणूस कामाचा, गावात नळ आणले, शाळेला खोल्या बांधल्या. पण एक भानगड करून बसला होता. टेंभुर्णीत ऋतुजा नावाची बाई आणि तिच्यापासून झालेली आठ वर्षांची पोर. घरी बायको चन्नम्मा आणि तिची दोन मुलं होतीच. तिसरं अपत्य निघालं की सरपंचपद जातं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी या पठ्ठ्यानं निवडणुकीच्या अर्जासोबत शपथपत्र लिहून दिलं, अपत्यं दोन!

शाळेत पोरीच्या नावापुढं आईचंच नाव होतं, त्यामुळं कागदावर तो कुठंच सापडत नव्हता. मग विरोधी गटाच्या गुरुबसप्पानं कुठून तरी त्या पोरीच्या बारशाचा एक फोटो पैदा केला आणि तक्रार ठोकली. फोटोत फुगे लावलेला पाळणा आणि पाळण्यावर वाकलेली श्रीदेवीअक्का. झालं, साक्षीची नोटीस तिच्याच नावानं आली.

गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली तसा शिवानंद पुन्हा सुरू झाला. "अक्का, फकस्त एवढंच म्हण. टेंभुर्णीत ट्रेनिंग हुतं, बायकांनी बारशाला बोलावलं, म्हनून गेले. ती बाई कोण, ठाऊक न्हाय."

"आन् पोरगी?"

"आसंल कुणाची तरी. तुला काय करायचंय?"

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे मेल्या, आठ वर्षांपूर्वी माझ्या पायाशी बसून कोण रडलं होतं? 'आत्याबिगर बारसं कसं करू, अक्का?' असं कोण म्हणालं होतं? तेव्हा तिनं त्याला नाही नाही ते ऐकवलं होतं, पण झबलं-टोपडं घेऊन गेली होती. पोरीनं मूठ आवळून तिचं बोट धरलं होतं, ते तिला अजून आठवत होतं.

पण शिवानंदही तिचाच होता. चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती. त्यानं कधी तिला 'हे का घेतलंस' म्हणून विचारलं नाही. त्याची खुर्ची जावी असं तिला स्वप्नातही वाटत नव्हतं. म्हणून ती मनातल्या मनात ते ट्रेनिंग घोकत राहिली.

अकरा वाजता पुकारा झाला. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं तिनं अधिकाऱ्यांच्या मागून म्हटलं. गुरुबसप्पाच्या वकिलानं फोटो पुढं केला.

"यात तुम्हीच आहात ना?"

"व्हय की."

"कशासाठी गेला होता?"

"ट्रेनिंगला. बायकांनी बारशाला बोलावलं."

"त्या बाईशी तुमचं नातं?"

"काय न्हाय." ते खरंच होतं, ऋतुजाशी कसलं आलंय नातं! शिवानंदानं सुटकेचा निःश्वास टाकला. वकील हिरमुसला आणि खाली बसता बसता रीत म्हणून त्यानं विचारलं, "तुमच्या भावाला मुलं किती?"

दोन. एवढंच म्हणायचं होतं. पण अक्का मुलं आकड्यानं मोजतच नव्हती. प्रत्येकाच्या पाळण्यावर वाकून, कानात कुर्रर करून, नाव तिनंच सांगितलं होतं. तिला ते तीन कान दिसले. एक कान पुसायचा तो कसा?

"भावाच्या लेकरांची नावं म्याच ठेवली, साहेब," ती म्हणाली. "मी आत्या. दोन नावं घरी ठेवली, एक टेंभुर्णीला."

शिवानंदाची मान खाली गेली.

बाहेर व्हरांड्यात तो ओरडला नाही, ते एक बरं. "अक्का, तू मला बुडवलंस गं," एवढंच म्हणाला.

"व्हय, बुडवलं. आन् तू त्या पोरीला बुडवाय निघालास, माझ्या तोंडानं!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. तो गाडीत बसून निघून गेला.

अक्का एस्टीनं गावी परतली. बोचकं बांधून कुठं जायचं, याचाच ती वाटभर विचार करत होती. दारात चन्नम्मा उभी होती. घरी फोन आलेला दिसत होता, डोळे सुजले होते तिचे. तिला आधी काही कळलं होतं की नाही, हे त्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

चन्नम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आत या, अक्का. माझं भांडण तुमच्या भावाशी हाय, तुमच्याशी न्हाय."

अक्कानं तांब्या घेतला. चन्नम्मानं पदरानं तोंड पुसलं.

"नाव काय ठेवलं तुमी तिचं?"

आठ वर्षांपूर्वी एका कानात सांगितलेलं नाव. या घरात ते एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

"सृष्टी," अक्का मोठ्यानं म्हणाली.