बेचाळीस इंची मॅडम

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परवा हट्ट्याच्या फाट्यावर वसमतच्या एसटीची वाट बघणाऱ्या लोकांना हीच गोष्ट सांगत होतो. तीच जशीच्या तशी घ्या.

आमच्या तांड्यावरची संगिता. नवऱ्यानं टाकलेली, तीन वर्षं आईच्या घरी. पुण्याच्या एका कंपनीत फोनवर बोलायचं काम निघालं. मुलाखत कॉम्प्युटरवर. नोकरी लागली तर तांड्यातून सुटका, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या रानात. तिचा भाऊ दिपक यानं वसमतहून जुना कॉम्प्युटर आणला, पण नुसता डबा. पडदा नाही. म्हणाला, "बेचाळीस इंची टीव्ही हाय की आपला." डब्याची तार टीव्हीच्या पाठीत खुपसली, कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर रबरानं बांधला, रिमोटनं टीव्हीला डब्यावर आणलं आणि लाईट जाऊ नये म्हणून स्वतः विजेच्या डीपीपाशी राखण बसला.

आता टीव्ही लागला की तांडा येतो. त्याला आमंत्रण लागत नाही. अकराला कंपनीची मॅडम पडद्यावर आली. नाक दुधी भोपळ्याएवढं, टिकली ताटलीएवढी. खाली सतरंजीवर संगिता, तिच्या मागं आमी एकेचाळीस माणसं आणि दोन शेळ्या. मॅडमला सगळे दिसत होतो.

मॅडम म्हणाली, "तुमच्याबद्दल सांगा."

संगितानं तोंड उघडायच्या आत शेजारची कमलबाई म्हणाली, "भाकरी लई पातळ थापते."

हसण्याला ऊत आला. संगितानं मागं वळून हात जोडले. "फुलसिंगकाका, समद्यांना घेऊन बाहेर जा ना."

मला. बाहेर जा. जिला मी खांद्यावर बसवून बाजार दाखवला तिनं.

रिमोट माझ्या मांडीखाली होता. तिथं कसा आला ते रिमोटला विचारा. मी एक बटण दाबलं. मॅडम गेली, सासू-सुनेची मालिका आली. संगिता रडकुंडीला येऊन दिपकला आणायला डीपीकडं पळाली.

चॅनल बदललं की माणूस गेलं, अशी आमच्या लोकांची समजूत. पण मॅडम गेली नव्हती. डब्यात बसून ती बघून राहिली होती, ऐकून राहिली होती. मला माहीत होतं, सकाळीच दिपकनं समजावलं होतं. पण सगळ्यांना सांगत बसायला मी काय मास्तर आहे?

मी सहज विचारलं, "हिला नवऱ्यानं काहून टाकलं म्हणता?"

तेवढी काडी पुरली. एक म्हणाला, सासूला उलटं बोलायची. दुसरा म्हणाला, नवऱ्याच्या घरात टिकली न्हाई, कंपनीत काय टिकती. कमलबाई म्हणाली, "तोंडाला कुलूप न्हाई आन् बोलायचीच नोकरी." शेळ्यासुद्धा हसल्या, शपथ.

दिपकनं येऊन रिमोट हिसकला. मॅडम परत पडद्यावर. हातातल्या पेनाला टोपण लावलेलं. संगिता दारात धापा टाकत उभी.

"संगिता," मॅडम म्हणाली, "आम्ही कळवू."

इथं मी थांबलो. फाट्यावरच्या लोकांची तोंडं कडू झाली होती, आणि कडू गोष्टीवर कोणी चहा पाजत नाही.

"मंग?" एकानं विचारलं.

"मंग काय, आठ दिवसांत पत्र आलं. त्यात लिवलेलं, एवढं होऊन बी जी पोरगी दारात ताठ उभी राहिली, तीच आमाला पाहिजे. आता पुण्यात चौदाव्या मजल्यावर बसते. खिडकी उघडली की ढग आत येतात, फायली भिजतात. दर सणाला मला फोन करते. काका, तुमच्यामुळं झालं म्हणते."

मागच्या बाकड्यावरची एक बाई उठली. डोक्यावरचा पदर सारला तेव्हा ओळखलं, जमनाबाई, संगिताची आई.

"फुलसिंगभाऊ," ती म्हणाली, "संगिता सकाळपासून तुमच्याच रानात कापूस वेचून राहिली."