इस्त्रीच्या टेबलावर भरलेलं कॉलेज

मित्रांनो, तीस वर्षं माझ्या पाठीवरून तापलेली इस्त्री फिरते आहे, पण मी कधी हूं की चूं केलं नाही. आज मात्र बोलणार आहे. मी इस्त्रीच्या दुकानातलं टेबल. सुताराने मला एका मोडक्या दरवाजाच्या फळ्यांतून ठोकून काढलं, वर जाड ब्लँकेट घातलं, त्यावर चादर ताणून बांधली आणि मी कामाला लागलो. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, नवरदेवांचे सूट, सगळ्यांच्या सुरकुत्या माझ्या अंगावर मोडल्या. लोक घडी बघून म्हणायचे, काय हात आहे! हात बाबांचा होता, कबूल. पण खाली पाठ कुणाची होती, हे एकानेही विचारलं नाही. असो.

बाबा म्हणजे या दुकानाचे मालक, कारागीर आणि हमाल, सगळं एकटेच. मागच्या खोलीत ते आणि त्यांची लेक राहतात. लेकीला ते मुंगी म्हणतात, कारण लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठं गाठोडं ओढत न्यायची. मुंगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती, दुसऱ्या वर्षाला.

मग साथ आली. रस्ते ओस पडले, कॉलेजला कुलूप लागलं. दुकानात कपडे आले तर नुसते सदरे. विजारी गायब! साहेब लोक घरातून मीटिंगा करत होते, कमरेच्या वर कडक आणि खाली चुरगळलेले. बाबा म्हणाले, आता निम्माच माणूस उरलाय.

माझा निम्मा भाग रिकामा पडला, आणि तिथे कॉलेज भरलं. मुंगीने पाणी मारायच्या बाटलीला फोन टेकवला आणि त्या तळहाताएवढ्या काचेत चाळीस जणांचा वर्ग मावला. मी थक्क झालो. कोण कुठली पोरं, आणि सगळी माझ्या ब्लँकेटवर!

पण मित्रांनो, शिक्षण एक दिवसही थांबलं नाही अशी भाषणं नंतर ज्यांनी ठोकली, त्यांनी ती माझ्यासमोर ठोकू नयेत. मी दोन वितींवरून बघितलंय. काचेत चाळीस काळे चौकोन होते. मॅडम एकट्याच बोलायच्या, विहिरीत बोलावं तशा. मुंगी 'हजर' म्हणायची आणि माझ्यावर डोकं टेकून झोपायची. आळशी नव्हती हो ती. आपण असलो काय, नसलो काय, कुणाला फरक पडत नाही, हे एकदा मनात बसलं की अंगातलं बळच जातं. बाबा बिचारे रोज सकाळी तिचा कॉलेजचा सदरा कडक इस्त्री करून ठेवायचे. वर्गात चुरगळलेलं जायचं नाही, म्हणायचे. तिचा कॅमेरा बंद असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी तो सदरा तिने तसाच बाजूला सारला.

"बाबा, मी कॉलेज सोडतेय. उद्या कळवून टाकते."

बाबांनी इस्त्री उभी केली. सारलेला सदरा उचलून त्याची घडी पुन्हा बसवली. मग म्हणाले, "उद्याचं उद्या. आजचा तास तरी बस."

ती बसली, रुसल्यासारखी. तास उष्णतेचा होता. मॅडमनी तिला प्रश्न विचारला. ती गप्प. मॅडमनी पुन्हा हाक मारली. बाबांना राहवेना. फोन वाजला की उचलायचा एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी हात लांबवला आणि दिसतील ती बटणं दाबली. आवाजही सुरू झाला, चित्रही.

"मॅडम, आहे ती इथंच. तोंडाला कुलूप लागलंय नुसतं."

मुंगी लाजेने अर्धी झाली. दुकान, गाठोडी, बनियनवरचे बाबा, सगळं उघड्यावर आलं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, काका, इस्त्री पुरेशी तापली हे तुम्हाला कसं कळतं?

बाबा म्हणाले, उष्णता कमीजास्त करायची चकती तर कधीच मोडलीय, आम्ही थेंब टाकतो. त्यांनी इस्त्री उताणी धरली आणि बोटाने पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून विझला. ही धग सुती कपड्याची, बाबा म्हणाले. मग इस्त्री आणखी तापवली, इतकी की तिची धग मला लागली, आणि पुन्हा थेंब टाकला. तो विझला नाही. मोत्यासारखा गोल होऊन थरथरत, नाचत, पळत सुटला. तीस वर्षं मी हे बघत होतो, पण बघितलं त्या दिवशी!

काचेतला एक काळा चौकोन उघडला. मग दुसरा. कुणी स्वयंपाकघरात, कुणी जिन्यात, एक जण उभ्या टेम्पोत ड्रायव्हरच्या जागेवर. सगळे मान पुढे काढून बघत होते.

"थेंब असा पळायला लागला की समजायचं, आता कपडा जळणार," बाबा म्हणाले. "पण जास्त तापल्यावर थेंब जास्त का टिकतो, ते मला आजवर कुणी सांगितलं नाही."

मॅडम गप्प राहिल्या, मुद्दाम. आणि मुंगी बोलली.

"बाबा, त्याच्या खालच्या भागाची लगेच वाफ होते. त्या वाफेच्या गादीवर तो तरंगतो. इस्त्रीला चिकटतच नाही, म्हणून टिकतो."

बाबांनी इस्त्रीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "म्हणजे तुला हे येत होतं," ते हळूच म्हणाले. "आणि सोडायला निघालीस?"

दुसऱ्या दिवशी तिने काहीच कळवलं नाही. ती तासाला बसली. बाबा रोज दुकान आवरताना विचारायचे, आज काय सांगितलं? ऐकलंच नसेल तर सांगणार काय? म्हणून ती ऐकायला लागली. मधे चार दिवस पुन्हा गळाठली. बाबा विचारतच राहिले. तिकडे टेम्पोवाल्याने ठरवलं, ज्याचा चौकोन काळा दिसेल त्याला तास संपल्यावर बाकीच्यांनी फोन करायचा. शिव्या देऊन का होईना, पण करायचा. ना घंटा, ना बाक, तरी ही पोरं उठून बसत होती. मी लाकूड असून माझ्या अंगावर काटा आला.

मुंगी वर्ष पास झाली. आता तिसऱ्याला आहे.

मित्रांनो, माझा एक पाय डुगडुगतो, ब्लँकेट जळून भोकं पडलीत. त्याचं नंतर बघा. आधी तुमच्या घरात बंद दाराआड जो कोणी एकटा शिकत बसलाय, त्याला जाऊन विचारा, आज काय शिकलास. मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.